हयातीचा दाखला काढून देणाऱ्या पोरास

अशोक चौकातल्या ई-सेवा केंद्रातल्या माझ्या पोरास, काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाव घालत नाही. तूच मागं म्हणाला होतास, "नाव नको ओ काकू, उद्या सगळं सोलापूर मला घरी बोलवंल." म्हणून बिननावाचंच लिहिते. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

नोव्हेंबर लागला आणि सवयीनं मी बाबांच्या कपाटातली निळी फाईल बाहेर काढली. आधार, पेन्शनचा कागद, चष्मा पुसून ठेवलेला. मग लक्षात आलं. फाईल जागेवर ठेवली आणि हे लिहायला बसले.

2018 च्या नोव्हेंबरात आपली ओळख झाली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, बाबांना 82 पूर्ण होती. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला, म्हणजे ते जिवंत असल्याचा कागद, काढायला मी त्यांना घेऊन एका बँकेत गेले होते. यंत्रावर उजवा अंगठा ठेवला, डावा ठेवला, मग एकेक करत दहाही बोटं. काही केल्या जुळेना. काउंटरवरचा माणूस बाबांच्या देखतच मला म्हणाला, "सिस्टीम घेत नाही यांना. उद्या आणा." बाबा समोर काठी टेकून उभे, आणि ते जिवंत आहेत का ते उद्या बघायचं! बाबा काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "रोजच्या वापरानं पार्ट झिजतात."

तुझ्या दुकानात मी खरं तर झेरॉक्स काढायला आले होते. माझं तोंड बघून तूच विचारलंस. रात्री दुकान बंद करून स्कूटीवर लॅपटॉप आणि ते छोटं यंत्र घेऊन घरी आलास, आणि आधी गरम पाणी मागितलंस. बाबांची बोटं पाण्यात बुडवलीस, पुसलीस, थोडं व्हॅसलिन चोळलंस. "आमच्या अव्वाची, आजीची, बोटं विड्या वळून वळून अशीच गुळगुळीत झाल्यात. रेशनच्या यंत्राला तिची पण ओळख पटत नाही," म्हणालास. तिसऱ्या खेपेला अनामिका लागली. पडद्यावर हिरवं आलं तेव्हा बाबांनी तुला सॅल्यूट ठोकला, आणि तू गडबडून त्यांच्या पाया पडलास. त्या दिवसापासून ते तुझे तातय्या, म्हणजे तुमच्या तेलुगूतले आजोबा, झाले. आमच्या घरात कुणी तेलुगू बोलत नाही, पण बाबांना ते नाव इतकं आवडलं की माझी मुलंसुद्धा पुढं त्यांना चिडवायला तेच म्हणू लागली.

आता जे लिहिते ते पहिल्यांदाच कबूल करते आहे. बाबा 31 वर्षं हवाई दलात होते, 1957 ते 1988. मालवाहू विमानं उडवली, त्यातलं बरंचसं पॅकेट नावाचं विमान. आम्हा मुलांना यात सांगण्यासारखं काही वाटत नसे. शाळेत कुणी विचारलं, "तुझे वडील फायटर?" की मी गप्प. वडील विमानातून पीठ आणि रॉकेल टाकतात हे कसं सांगायचं? ते घरी कमी आणि पत्रांत जास्त असायचे. पत्त्यात "56 एपीओ" असायचं, लष्करी टपालाचा पत्ता तो, आणि मला कितीतरी वर्षं ते गाव वाटायचं. आजीला विचारलं होतं, हे कुठल्या तालुक्यात येतं म्हणून.

निवृत्त होऊन आले तेव्हा मी 23 वर्षांची होते, लग्न ठरलेलं. त्यानंतरची 37 वर्षं त्यांनी घर सांभाळलं. आईचा हात मोडला तेव्हा जोंधळ्याची भाकरी करायला शिकले. पहिल्या महिन्यात ती फुगली नाही, पण कडक भाकरी म्हणून खपवली. गॅसजवळ भिंतीवर चेकलिस्ट चिकटवली: रेग्युलेटर, खिडकी, दूध, मागचं दार. आई चिडायची, "मी चाळीस वर्षं गॅस बंद करते आहे." पण बाहेर पडताना दोघं मिळून ती वाचायची, ती एकेक ओळ म्हणायची आणि ते हात लावून "चेक" म्हणायचे.

आणि ती पाण्याची वही! तुलाच ती आधी दिसली. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. बाबा प्रत्येक वेळी तारीख, सुरू, बंद, एकूण मिनिटं आणि शेरा लिहायचे. तू विचारलंस, "तातय्या, काही ओळी लाल शाईत का?" त्यांनी उठून ट्रंकेतून लॉगबुक काढलं आणि तुझ्यापुढं उघडलं. रात्रीचं उड्डाण लाल शाईत लिहायचं, ही सवय. रात्री आलेलं पाणीही लाल शाईतच. मी वीस वर्षं ती वही पाहत होते, मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

मग तू दर रविवारी येऊ लागलास. लॉगबुकची पानं मोबाईलवर स्कॅन करायची, दर पानाला एक प्रश्न. मी स्वयंपाकघरात शेंगा कुटायचं सोडून ऐकत बसायची.

1962 साली ते 26 वर्षांचे, को-पायलट. लडाखमधल्या चौक्यांना शिधा टाकायला चंदीगडहून जायचे. विरळ हवेत पॅकेटची दोन इंजिनं पुरायची नाहीत, म्हणून त्याच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलेलं. त्याच वर्षी 23 जुलैला स्क्वॉड्रन लीडर राजे यांनी दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं, 16,000 फुटांहून जास्त उंचीवर. हे सांगताना बाबांचा आवाज असा व्हायचा, जणू घरातल्याच कुणी केलं. आणि मग भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांची गोष्ट. आपल्या सोलापूरचा डॉक्टर चिनी जखमींची सेवा करता करता 1942 साली तिकडंच वारला, आणि वीस वर्षांनी त्याच गावचा मी त्याच चिन्यांशी लढणाऱ्या जवानांना डाळ पोचवत होतो, असं म्हणून हसायचे. ते हसणं साधं नव्हतं. तू तेव्हा काही बोलला नाहीस, ते फार बरं केलंस.

11 डिसेंबर 1971 चं पान तर तू तीनदा स्कॅन केलंस. आत्ताच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ 2 पॅरा बटालियन विमानांतून छत्रीनं उतरवली ती तारीख. मैमनसिंगकडून ढाक्याकडं मागं हटणारी पाकिस्तानी फौज अडवायला पुंगलीचा पूल धरायचा होता. पाचच दिवसांनी ढाका पडलं. कुणीही विचारलं असतं की भीती वाटली का, गोळीबार झाला का. तू विचारलंस, "सगळी उडी मारून गेल्यावर रिकामं विमान हलकं लागायचं का ओ?"

बाबा बराच वेळ गप्प. मग टेबलावर हातानं दाखवत सांगू लागले. माणसं दाराकडं सरकली की वजन शेपटीकडं जातं, नाक वर यायला बघतं, ते हातानं पुढं दाबून धरायचं. मग एकेक जण जातो आणि हातातला जोर कमी कमी होतो. "शेवटचा गेला हे मागं न बघता हाताला कळतं," म्हणाले. मागं नुसते पट्टे वाऱ्यात फडफडत लटकलेले, ते ओढून आत घ्यायचे. येताना एका पोराचा डबा सीटखाली सापडला, त्यात खाल्लेला अर्धा पराठा. तो डबा कुणाचा ते त्यांना कधी कळलं नाही. "बाकीचे लढले. मी दार उघडून परत आलो," असं म्हणाले आणि आत जाऊन पडले. आईला तरी हे सांगितलं होतं की नाही कोण जाणे. मला नव्हतं सांगितलं.

पुढं चेहऱ्यावरून दाखला निघायची सोय आली आणि बोटांची कटकट संपली. "तातय्या, डोळे मिचका" म्हटलंस की ते मुद्दाम एकच डोळा मिचकवायचे. 85 नंतर पेन्शनमध्ये 30 टक्के वाढ मिळते आणि 90 ला 40, हे तूच त्यांना सांगितलंस. तेव्हापासून नव्वदीचं टार्गेट! सात महिने कमी पडले.

पैसे तू पहिल्या वर्षीचेच घेतलेस. पुढची सहा वर्षं शेंगाचटणीवर भागवलंस. तुझी अव्वा माझ्यापेक्षा चांगली चटणी करते हे मला ठाऊक आहे, तरी नेत राहिलास.

गेल्या जूनचं मात्र लिहायलाच हवं. होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं (त्यासाठी गावानं किती वाद घातले, ते आपल्याला माहीत आहे). तू रिक्षा घेऊन आलास, बाबांना उशीला टेकवून बसवलंस आणि विमानतळाच्या भिंतीबाहेर तासभर थांबलास. आधी आवाज आला. बाबा म्हणाले, "पंख्याचं आहे." दोन इंजिनं, वर पंख. विमान उतरलं, धूळ उडाली, तू टाळ्या वाजवल्यास. बाबा कपाळाला आठी घालून म्हणाले, "जरा लांब टेकवलं." घरी येईपर्यंत हाच विषय. त्या रात्री जेवले नीट.

ऑगस्टमध्ये ते गेल्यावर पेन्शनच्या पोर्टलवर तसं कळवायचं होतं. तुला सांगायला माझी जीभ उचलेना. तू आपणच आलास. भरलंस, पण शेवटचं बटण दाबायच्या आधी लॅपटॉप माझ्याकडं वळवून म्हणालास, "काकू, हे तुम्ही दाबा." मी दाबलं. तू बाहेर जाऊन स्कूटीपाशी उभा राहिलास, बराच वेळ.

लॉगबुक माझ्या मुलानं मागितलं आहे, ते त्याला देते. तुझ्याकडं स्कॅन आहेतच. पाण्याची वही मात्र तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. बाबांनंतरही मी ती लिहीत होते, मिनिटांसकट. परवाची नोंद रात्री दोनची, लाल शाईत.

रविवारी ये, अव्वालाही आण. शनिवारी नको, पाणी यायचा दिवस आहे.

तुझी,
काकू