‘स्वीट होम’ खेळायला बसण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

टोकियोतल्या अकिहाबारातून ‘स्वीट होम’ या जुन्या भयखेळाची कॅसेट घेणार आहेस हे वाचून मनापासून आनंद झाला. 15 डिसेंबर 1989 ला कॅपकॉम कंपनीने हा खेळ फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनवर आणला आणि जपानबाहेर तो अधिकृतपणे कधी विकलाच गेला नाही. आपल्याकडे नव्वदीत फॅमिकॉमच्या नकला घरोघरी होत्या, कॅसेटची 60 पिनांची खाचही तीच होती, पण मिळायच्या त्या मारिओ आणि काँट्राच्या कॅसेट. पानंच्या पानं जपानी मजकूर असलेला हा खेळ त्यांत कुठून असणार!

आधी मशीनचं बघू. जुना लाल-पांढरा फॅमिकॉम दिसायला कितीही गोड असला तरी घेऊ नकोस. तो टीव्हीला आरएफनेच, म्हणजे अँटेनाच्या जोडणीतूनच, जोडता येतो आणि तिथलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यापासून नव्या टीव्हींत तो ट्यूनरच नसतो. 1993 चा एव्ही फॅमिकॉम घे. त्याला सुपर फॅमिकॉम या पुढच्या मशीनचीच एव्ही, म्हणजे चित्र-आवाजाची, वायर चालते. अडॅप्टर 10 व्होल्ट डीसीचा लागतो आणि त्याची मधली पिन निगेटिव्ह असते. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरना मध्ये पॉझिटिव्ह असतं, त्यामुळे पिन नीट बसली म्हणून बटण दाबू नकोस, आधी वरची खूण वाच.

कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची सवय सोड. श्वासातल्या ओलाव्याने संपर्कपट्ट्या कालांतराने गंजतात. 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडला लावून पट्ट्या पूस, पूर्ण वाळू दे, मग लाव. या कॅसेटमध्ये सेव्ह टिकवायला सीआर2032 बॅटरी असते आणि मूळचीच असेल तर ती पस्तिशी ओलांडलेली आहे. घेतल्यावर एकदा सेव्ह कर, बंद करून रात्रभर ठेव, सकाळी बघ. सेव्ह गेलेलं असेल तर बॅटरी बदलायचीच, आणि खेळ सुरू करण्याआधी बदलायची, कारण ती काढली की आतलं सगळं पुसलं जातं. कवच खाचांवर बसवलेलं असतं. जुन्या प्लॅस्टिकच्या खाचा चटकन मोडतात, म्हणून पेचकस न घालता जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सरकवत उघड. सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी मिळते, तीच घे. साध्या बॅटरीवर थेट सोल्डर केलंस तर उष्णतेने ती बिघडते, फुटूही शकते. आणि मशीन बंद करताना आधी रीसेट दाबून धर, मगच पॉवर बंद कर. पॉवर तुटताना मेमरीत काहीबाही लिहिलं जाऊन सेव्ह खराब होतं, ते याने टळतं.

आता खेळ. त्याच वर्षी आलेल्या कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून तो केला, दिग्दर्शन तोकुरो फुजिवारा यांचं. पाच माणसं इचिरो मामिया या चित्रकाराच्या ओसाड वाड्यात त्याची भित्तिचित्रं टिपायला जातात आणि मामियाबाईंचं भूत त्यांना आत कोंडतं. पुढे याच खेळाची नवी आवृत्ती करायची म्हणून जे काम सुरू झालं, त्यातून 1996 चा ‘बायोहॅझर्ड’ (जपानबाहेर ‘रेसिडेंट ईव्हिल’) उभा राहिला. दार उघडतानाचं ते संथ दृश्य आणि अपुरी पिशवी, दोन्ही इथलीच.

माझ्या मते या खेळातली सगळी भीती त्या पिशवीत आहे. प्रत्येकाकडे एक शस्त्र, एक स्वतःचं साधन आणि आणखी दोनच वस्तू मावतात. काझुओकडे लायटर, त्याने वाट अडवणारे दोर जाळायचे. अकिकोकडे औषधपेटी, विष वगैरे उतरवायला. तारोकडे कॅमेरा, भित्तिचित्रांतला मजकूर त्यानेच वाचता येतो. आसुकाकडे व्हॅक्यूम क्लीनर, जमिनीवरच्या काचांसाठी. एमीकडे किल्ली. जागा भरलेली असताना नवी वस्तू उचलायची तर हातातली एक तिथेच ठेवावी लागते आणि ठेवलेली तिथेच पडून राहते. म्हणून शेजारी वही ठेव आणि कुठल्या खोलीत काय सोडलं ते लिहीत जा. नंतर लागणारी फळी दोन मजले मागे राहिली तर त्या वाटेवरच्या प्रत्येक लढाईची किंमत पुन्हा मोजावी लागते.

माणूस मेला की कायमचा मेला, परत आणायचा उपाय नाही. त्याच्या साधनाऐवजी चालणारी वस्तू वाड्यात सापडते, किल्लीऐवजी तार, लायटरऐवजी काडेपेटी, व्हॅक्यूमऐवजी झाडू. पण ती वस्तू उरलेल्यांपैकी कुणाच्या तरी दोन जागांतली एक खाते. दोघं गेले तर हात कमी आणि ओझं जास्त, अशी दुहेरी कोंडी होते. इतकी शिस्तीची रचना मला दुसऱ्या भयखेळात क्वचितच दिसते. किती जण वाचले त्यावर शेवट बदलतो, पाचांपासून एकापर्यंत पाच शेवट आहेत.

एका गटात तिघांपेक्षा जास्त जण चालत नाहीत, म्हणून तीन आणि दोन असे गट होतात. एक गट खूप पुढे नेऊन दुसऱ्याला विसरू नकोस. दोन-तीन खोल्या यांनी, मग त्यांनी, असं पाळीपाळीने पुढे सरक. लढाईत ‘बोलाव’चा पर्याय असतो: तो निवडला की खेळ तुला दुसऱ्या गटाकडे नेतो आणि ठरावीक वेळात त्यांना धावत लढाईच्या जागी पोचवायचं असतं. गट जवळ असतील तरच याचा उपयोग. लांब असतील तर वेळ संपतो आणि इकडचा एकटा पडतो. अनुभवाचे गुण लढाईत उभे असलेल्यांनाच मिळतात, म्हणून मागे पडलेल्याला मुद्दाम सोप्या लढायांना बोलावून घे.

‘प्रार्थना’ हे दुसरं हत्यार. ती निवडली की एक पट्टी भरत जाते आणि बटण दाबशील तिथे थांबते. जितकी भरलेली तितका घाव मोठा, पण प्रार्थनाबळही तितकंच जातं. किरकोळ शत्रूवर पूर्ण पट्टी उधळलीस तर मोठ्या भुतापुढे रिकाम्या हाताने उभा राहशील. टॉनिकच्या बाटल्या वाड्यात मोजक्याच आहेत, दुकान नाही, पैसे नाहीत, विश्रांतीची जागा नाही. एक बाटली गटातल्या सगळ्यांचा जीव आणि प्रार्थनाबळ पूर्ण भरते. मग ती एकट्यासाठी कशाला फोडायची? तिघं एकत्र आणि तिघंही खालावलेले असताना फोड.

खड्ड्यावर टाकलेली फळी काही वेळा ओलांडल्यावर मोडते आणि वरचा माणूस लटकतो. त्याला दुसऱ्याने येऊन ओढून काढायचं असतं. म्हणून एकट्याला फळीवर कधी पाठवू नकोस. झुंबर कोसळण्यासारखे प्रसंगही येतात, तिथे लगेच निवड करावी लागते, डावीकडे की उजवीकडे की प्रार्थना. घाबरून पहिलंच बटण दाबलं जातं. तसं करू नकोस, काय कोसळतंय ते बघून दाब.

सेव्ह कुठेही करता येतं, पण जागा एकच. टॉनिक संपलेलं, दोघं विषाने खंगलेले, अशा अवस्थेत चुकूनही सेव्ह करू नकोस. आणि एक मनापासून मागणं आहे: पहिल्या खेळीत कुणी मेलं तर जुनं सेव्ह उघडू नकोस. एमी गेल्यावर बंद दारापुढे उभं राहून तार कुठे असेल हे शोधणं, त्यासाठीच हा खेळ रचला आहे.

मजकूर बहुतेक सगळा हिरागाना-काताकानात, म्हणजे उच्चाराच्या अक्षरांत आहे, शब्दाचा अर्थ दाखवणारी कांजी चिन्हं नसल्याने वाचायला उलट अवघड जातं. मोठ्याने वाच, शब्द लगेच तुटतात. अगदीच अडलास तर चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे. भित्तिचित्रं आणि चिठ्ठ्या मात्र एकही सोडू नकोस. मामियाबाईंचं लहान मूल भट्टीत जळून गेलं, त्यानंतर त्या घरात काय घडलं ते तुकड्यातुकड्यांनी कळतं. शेवटच्या सामन्यात शस्त्राने भागत नाही, त्या कुटुंबाच्या वस्तू वापराव्या लागतात आणि कुठली कधी, हे ती कहाणी नीट वाचलेल्यालाच सुचतं. इथे मी जास्त सांगत नाही.

जुन्को तामिया यांचं संगीत ऐकायचं असेल तर जपानी मशीनवरच. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या नकलांवर सेकंदाला 60 ऐवजी 50 चित्रं पडतात, त्यामुळे सगळं सुमारे 17 टक्के संथ होतं आणि ती प्रार्थनेची पट्टीसुद्धा रेंगाळते. दिवाळीत मशीन घरी आणलंस तर तिथला 100 व्होल्टचा अडॅप्टर थेट आपल्या 230 ला लावू नकोस, जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मी इथे घेऊन ठेवते.

तुझी,
आई