नर्सरीतल्या स्वस्त फायकसचे बोन्साय

संपादक महोदय,

नर्सरीतून आणलेला फायकस (वड-पिंपळाच्या कुळातले झाड) अनेकजण लगेच उथळ कुंडीत लावतात आणि तो दगावतो. आधी मोठ्या कुंडीतच खोड जाड होऊ द्यावे. मुळे जून-जुलैत कापावीत, तीही एक तृतीयांशापेक्षा जास्त नाहीत. नाशिकच्या थंडीत कापली तर नवी लवकर फुटत नाहीत. आपली काळी माती मात्र नकोच! ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात. विटांचा चाळलेला चुरा दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग पुरे. छाटल्यावर येणारा चीक ओल्या फडक्याने टिपावा. आकार देण्यासाठी फांदीला गुंडाळलेली तार रुतू लागताच तुकडे करून काढावी. उलगडताना फांदी मोडते. पाने गळाली म्हणून पाणी वाढवू नका, जागा बदलल्यानेही ती गळतात.

– एक बोन्सायप्रेमी, नाशिक