सँडविच का भिजलं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. डब्यातून फळं घातलेल्या चिकन सॅलडचं सँडविच उचलायला गेलास आणि खालचा पाव डब्यातच राहिला, सारण मांडीवर! हसलो, कारण मी यातून गेलोय, तेही पाहुण्यांसमोर. कोंबडी वाफाळत असतानाच घाईघाईने मेयोनीजमध्ये कालवली होती. थोड्या वेळात मेयोनीज फुटलं, तेल कडेला आणि वाडग्याच्या तळाशी पांढुरकं पाणी. पाहुणे भले, गुमान चमच्याने खाल्लं.

तू मेयोनीजचं प्रमाण विचारलंयस. तुझं प्रमाण ठीकच आहे रे, घात पाण्याने केलाय.

कोंबडीपासूनच सुरुवात कर. बोनलेस ब्रेस्ट गार पाण्यात घाल, त्यात मीठ, चार मिरी, एक तमालपत्र. आच मंद. पाणी खळखळायला लागलं की मांसाचे धागे आवळतात, आतला रस बाहेर पडतो आणि हाती येतो चिवट चोथा. बुडबुडे अधूनमधून वर आले तरी पुरे. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात खुपसून बघ, 74 अंश सेल्सियस झालं की गॅस बंद. थोडं निवलं की बाहेर काढून निथळव, टिपून घे आणि हातानेच धागे सोडव. सुरीने चौकोनी तुकडे दिसतात छान, पण मेयोनीज त्यांच्यावरून घसरतं. धाग्यांना ते धरून राहतं. मग फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ दे. इथे घाई केलीस तर माझ्यासारखी फजिती.

साधारण 300 ग्रॅम शिजलेल्या कोंबडीला मी चार मोठे चमचे मेयोनीज आणि दोन चमचे घट्ट दही घेतो. नुसतं मेयोनीज मला जड होतं.

आता फळं. द्राक्षं उभी चिरून, चिरलेली बाजू कागदावर पालथी घालून ठेव. पाच मिनिटांत कागद ओला होतो. हेच पाणी तुझ्या पावात गेलं होतं. सफरचंदाला लिंबाचा रस चोळ, म्हणजे काळं पडत नाही. बेदाणे किंवा सुक्या क्रॅनबेरी मूठभर टाकच, त्या उलट सुटलेलं पाणी पितात. ताज्या अननसाच्या नादी मात्र लागू नकोस. त्यातलं ब्रोमेलेन मांसातली प्रथिनं तोडतं आणि रात्रभरात कोंबडीचा लगदा होतो. डबाबंद अननस चालतो, कारण तो आधीच तापवलेला असतो.

अक्रोड कच्चे घालणं म्हणजे नुसता आळस. ओव्हनमध्ये 175 अंशांवर आठ-दहा मिनिटं खमंग भाज आणि गरम असतानाच फडक्यात धरून चोळ. फडक्यावर तपकिरी साल उतरलेली दिसेल, सगळा तुरटपणा तिच्यात. अक्रोड कालवायचे ते अगदी शेवटी, पावाला लावायच्या आधी. आदल्या रात्री घातलेस तर सकाळी ओल्या पुठ्ठ्यासारखे लागतात.

गंमत सांगतो. सफरचंद, सेलरी (कुरकुरीत देठांची भाजी) आणि अक्रोडाचं वॉल्डॉर्फ सॅलड प्रसिद्ध आहे ना, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलातलं? तिथली जेवणाची व्यवस्था सांभाळणाऱ्या ऑस्कर चर्कीने 1896 मध्ये छापलेल्या कृतीत अक्रोड नव्हतेच! सफरचंद, सेलरी, मेयोनीज, संपलं. अक्रोड मागाहून आले. सेलरी तूही घाल, बारीक चिरून. फळांच्या गोडीला ती तोडते.

पाव हलका भाजून घे, आणि दोन्ही कापांना आतून कडेपर्यंत लोणी फास. तू मधोमध बोट फिरवून सोडून देतोस, पाहिलंय मी! लोण्याचा थर ओल अडवतो, कडा उघड्या राहिल्या तर सारण तिथून झिरपणार. त्यावर लेट्यूसचं कोरडं पान. प्रवासाला तर पाव आणि सारण वेगळंच ने, सारणाच्या डब्याला बर्फाची पिशवी लाव. फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवलंस तर टाकून दे, जीव कितीही तुटला तरी. फ्रीजमध्ये तीन दिवस सहज टिकतं.

आणि हो, कोंबडी शिजवलेलं पाणी ओतून देऊ नकोस. गाळून ठेव, रात्री सूप कर. एवढं पाणीच काय ते आपल्या उपयोगाचं.

पुढच्या खेपेला कसं झालं ते कळव. मांडीचं काय झालं तेही.

तुझा,
पाहुण्यांना चमचे वाटणारा मित्र