आईची भूमिका

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मला एकांकिकेत आईचं काम दिलंय" एवढं सांगून तू गप्प झालीस. नायिकेचं काम मिळेल अशी तुझी अपेक्षा होती, आणि इतकी मेहनत घेणाऱ्या मुलीने तशी अपेक्षा ठेवण्यात काहीच गैर नाही. पण आईचं काम म्हणजे उरलंसुरलं काम, असं तू मनाशी धरून तालमीला उभी राहू नयेस, म्हणून हे पत्र.

'गोलमाल' तू लहानपणी आमच्याबरोबर पाहिलास. तेव्हा तुझं सगळं लक्ष अमोल पालेकरांच्या मिशीकडे आणि उत्पल दत्तांच्या चिडण्याकडे असायचं. आता तो फक्त दीना पाठकांसाठी पाहा.

त्यांची कमला श्रीवास्तव ही कोणाची आई म्हणून त्या गोष्टीत येतच नाही. रामप्रसादची, म्हणजे पालेकरांची, आई तर केव्हाच वारलेली. नोकरी टिकवायला त्याने भवानीशंकरांना, म्हणजे उत्पल दत्तांच्या साहेबांना, एक थाप मारली, ती झाकायला दुसरी, त्यातून बिनमिशांचा जुळा भाऊ जन्माला आला. आता साहेबांना आईला भेटायचंय म्हटल्यावर आई आणायची कुठून? तेव्हा ही हौशी, पार्ट्यांना जाणारी, हसतमुख बाई आई व्हायला तयार होते. म्हणजे बघ, दीनाबाई एका बाईचं काम करतात आणि ती बाई पुन्हा आईचं काम करते. दोन्ही बायका आपल्याला एकाच वेळी दिसत राहतात. भवानीशंकरांना फक्त सोज्वळ माउली दिसते. आपल्याला तिच्या आड श्रीमती श्रीवास्तवही दिसते, तिला या सगळ्याची किती मजा वाटतेय तेही दिसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला घरात शिरावं लागतं, तो प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहा. पुढे साहेब तिला पार्टीत गाठतात तेव्हा तीही जुळ्या बहिणीची थाप ठोकून देते. मुलाने सुरू केलेला खेळ आई त्याच्याइतक्याच हुशारीने खेळते!

हा सिनेमा 1979 चा. 'दीवार'ला चारच वर्षं झाली होती. पडद्यावरच्या आईने सोसायचं, देवापुढे हात जोडायचे, मुलाची वाट पाहायची, ही रीत अगदी पक्की होती. त्या काळात सत्तावन्न वर्षांची अभिनेत्री खिडकीतून आत येते आणि सारं थिएटर तिच्यावर लोभ करतं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जींनी तिला हसण्याचा विषय केलं नाही. ती स्वतः हसवते. हा फरक तू नीट लक्षात घे, कारण तुझ्या एकांकिकेतही आईच्या तोंडी विनोद आहेत असं तू म्हणालीस.

आणि हे काही सहज आलेलं नव्हतं. दीनाबाई मूळच्या अमरेलीच्या. इप्टा या नाट्यचळवळीत घडलेल्या, गुजराती रंगभूमी गाजवलेल्या. 'मेना गुर्जरी' या नाटकात त्यांनी भवाईच्या ढंगाने काम केलं. भवाई म्हणजे आपल्या तमाशासारखं गाणं, नाच, सोंग आणि समोरच्या माणसांशी थेट बोलणं. सोंग वठवताना प्रेक्षकालाही त्यात सामील करून घ्यायची ती सवय मला कमला श्रीवास्तवमध्ये स्पष्ट दिसते.

'गोलमाल'नंतर लगेच, 1980 मध्ये, त्याच दिग्दर्शकाचा 'खूबसूरत' आला. त्यात हीच बाई घराला शिस्तीत बांधणारी निर्मला गुप्ता आहे. आदल्या वर्षी शिस्तप्रिय साहेबाला बनवणारी ती, आणि इथे रेखा तिच्या शिस्तीला सुरुंग लावते. दोन्ही आयाच. पण चाल वेगळी, बोलण्याचा वेग वेगळा, समोरच्याकडे बघण्याची तऱ्हा वेगळी. वय दाखवायला त्या कुठेही आवाज थरथरवत नाहीत. माझं तुला एवढंच मागणं आहे, की तूही कंबरेत वाकून चालू नकोस. पन्नाशीची बाई तुझ्यासमोर रोज वावरत होती, ती वाकून चालते का? आधी ठरव की तुझ्या या आईला काय हवं आहे, ती कशावर चिडते, एकटी असताना काय गुणगुणते. केसांना पांढरा रंग सगळ्यांत शेवटी.

'खिचडी' मालिकेतली सुप्रिया पाठकांची हंसा आणि 'साराभाई व्हर्सेस साराभाई'तली रत्ना पाठक शहांची माया साराभाई तुला तोंडपाठ आहेत. त्या दोघी दीनाबाईंच्याच लेकी. विनोद करताना चेहरा जराही हलू न देण्याची ती ताकद बघितली की मला त्यांच्या आईची आठवण होते. 'मिर्च मसाला' सिनेमात तर मायलेकी तिघी आहेत. तो विनोदी नाही, पण सवडीने पाहा.

तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात म्हणालीस, तर डबा वेळेवर खात जा. संहिता मला पाठव, आईचे संवाद मी वाचून बघते. साडी माझी हवी असेल तर कुठली ते कळव. नेसायला सोपी म्हणून नको, त्या बाईच्या अंगावर शोभेल अशी निवड. प्रयोगाची तारीख ठरली की लगेच सांग, बाबांना रजा टाकायची आहे.

तुझी,
आई