रापणीचा दोर आणि दोन स्क्रू

मालवण,
शनिवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून आईला शंका आलीच असेल. उजव्या हाताची अनामिका मोडली होती. ऑपरेशन होऊन आज चार आठवडे झाले. ताईला मीच गप्प बसवलं होतं, तिला ओरडू नका.

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला गेलो होतो. दोराचा वेढा बोटाला घेऊ नये, हे बाबांनी शंभरदा सांगितलेलं. लाट मागे फिरली, दोर ताणला आणि बोट पिळलं गेलं. आधी घाई अंगठीची, कारण बोट बघता बघता सुजत होतं. साबण झाला, खोबरेल झालं, निघेना. शेवटी दवाखान्यात कापली. आई, तू लग्नात घातलेलीच ती. तुकडे देवघरातल्या डबीत आहेत.

मला वाटलं, पट्टी बांधतील आणि घरी पाठवतील. पण डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. अर्धीच वळली, तरी अनामिका करंगळीवर चढली. म्हणाले, पीळ बसून हाड तिरकं तुटलंय आणि पुढचा तुकडा फिरलाय. असंच जुळलं तर जन्मभर मुठीत बोटावर बोट चढणार. म्हणजे आई, तुझा तो हाडवैद्य आणि त्याचा लेप इथे कामाचा नव्हता. रागावू नकोस.

तारा घालूनही हाड धरता येतं, पण त्यांची टोकं कातडीबाहेर राहतात, तिथून जंतू शिरायची भीती. माझी चीर लांब आणि तिरकी, म्हणून स्क्रू. बाबा, आता तुमच्या कामाचं सांगतो. दोन फळ्या आवळताना वरच्या फळीला तुम्ही मोठं भोक पाडता, खालचीला बारीक. स्क्रू वरून मोकळा जातो, खाली पकडतो आणि फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. अगदी तेच! फक्त स्क्रू दीड मिलिमीटर जाडीचे, दोन. हात खांद्यापासून बधिर केलेला, मी जागा. ड्रिलचा आवाज आला तेव्हा आपली खोपी, तुमचं गिरमिट आणि फणसाच्या लाकडाचा तो पिवळा भुसा आठवला.

स्क्रू टायटॅनियमचे आहेत, आई, खाऱ्या हवेत गंजायचे नाहीत. टोचले नाहीत तर काढायचेही नाहीत.

खरा त्रास आत्ता आहे. हाड धरलं, पण बोट हलवलं नाही तर कंडरा, म्हणजे बोट हलवणाऱ्या आतल्या दोऱ्या, तिथेच चिकटतात आणि बोट काठीसारखं ताठ होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून व्यायाम, मधल्या बोटाला पट्टीने जोडून. दिवसातून पाच-सहा वेळा. डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू. मधलं पेर अजून पुरतं वाकत नाही. काल भाताचा घास नीट धरता आला, एवढंच. तेल लावून चोळायला कोणी येऊ नका. दोर आणि घागर अजून काही आठवडे बंद.

आंगणेवाडीच्या जत्रेला या, त्याआधी धावत येऊ नका. आणि आई, अंगठी सोनाराकडे इतक्यात द्यायची नाही. सांध्याची सूज महिनोन्महिने राहते म्हणे. आत्ता माप दिलं तर नंतर ढिली होऊन समुद्रात जायची.

तुमचा,
बाबू