कूलरच्या पाण्याचं रजिस्टर

अबे सुध्या,

सहा महिने ना फोन ना मेसेज, शिव्या दे, चालेल. आईचा गुडघा बरा आहे, मीही बरा. आता मुद्द्याचं ऐक, कारण घरी सांगितलं तर म्हणतील पोराला ऊन लागलं, आणि लॅबमधल्या नवीन पोरांना आपलं भांडणच माहीत नाही.

परवा रात्री पेलेट, म्हणजे आपली ती दाबून भाजलेली चकती, डायलेटोमीटरमध्ये होती, तापमानाबरोबर तिची लांबी किती बदलते त्याची रेघ काढत. तेच आपलं प्रोटॉन वाहून नेणारं सिरॅमिक, बेरियम झिर्कोनेट, २० टक्के इट्रियमवालं, १६०० अंशांना भाजलेलं. १००० वरून थंड करत होतो, मिनिटाला २ अंश. रेघ झकास सरळ खाली येत होती, ६०० च्या खाली गेली आणि वाकली, ४०० च्या आसपास तर जवळजवळ आडवीच झाली. म्हणजे पेलेट थंड होऊन राहिली पण आकसायला तयार नाही! सर म्हणाले मशीनचा ड्रिफ्ट आहे, बेसलाइन, म्हणजे मशीनची स्वतःची रेघ, वजा कर. केली, रेघेचं ते कुबड तिथंच. फेज, म्हणजे अणूंची रचना, बदलली म्हणावं तर तो बेरियम सेरेटचा रोग, २९०, ४०० आणि ९०० च्या आसपास तीनदा रूप बदलतं ते. आपलं झिर्कोनेट बिचारं क्यूबिकचं क्यूबिक, रचना बदलतच नाही.

डोकं धरून बसलो होतो, खोलीभर ओल्या वाळ्याचा वास, आणि एकदम तुझं तोंड दिसलं, "कूलर बंद कर बे, सॅम्पल पाणी पिऊन राहिलं."

आठवतं ना? मी म्हटलं होतं बाहेर ४५ आहे, मी पितो, त्यालाही पिऊ दे. दोन दिवस बोलला नव्हता तू, तर्रीपोह्याचे पैसेसुद्धा वेगळे दिले होते.

काल कूलर बंद ठेवून रन घेतला. घामानं पार भिजलो, पण कुबड अर्ध्यावर आलं. नंतर सिलिंडरचा कोरडा आरगॉन सोडला, कुबड गायब! झिर्कोनियमच्या जागी इट्रियम बसलं की ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, थंड होताना हवेतली वाफ त्यात शिरते, पाण्याच्या एका रेणूचे दोन प्रोटॉन होतात आणि अणूंची जाळी फुगते, हे आपण व्हायव्हात पोपटासारखं म्हटलं होतं. १९८१ मध्ये जपानच्या इवाहारांनी स्ट्रॉन्शियम सेरेटमधून प्रोटॉन वाहतो हे दाखवलं ते याच पाण्याच्या जोरावर. म्हणजे ज्या पाण्यासाठी माणूस हे मटेरियल बनवतो, तेच मी कूलर लावून पाजलं आणि वर्षभर म्हणत राहिलो की पावडरची बॅच खराब आहे.

आता खरी गोची. पेपरमध्ये जो प्रसरणाचा आकडा टाकलाय तो मागच्या एप्रिल ते जूनच्या सात रनची सरासरी आहे. काही कूलर चालू असताना, काही बंद असताना, आणि मी कुठं लिहून ठेवलंय? कुठंच नाही. त्याच आकड्यावर वरचा निकेलचा थर जुळवला, दोघं सारखंच फुगावं-आकसावं म्हणून, आणि तो कडेनं सोलून निघतो. सरांनी परवा विचारलं तर मी म्हटलं सिंटरिंग, म्हणजे भाजणं, कमी पडलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं बे. सांगितलं तर सहा महिने मागं जातो, नाही सांगितलं तर ती रेघ मला झोपू देत नाही. सांगणारच आहे सोमवारी, पण हात हलवत नाही जायचं.

तुझं कसं चाललंय? पुण्यात पाऊस आला म्हणे. वहिनीला नमस्कार, पिल्लू चालायला लागलं का? फोटो टाक.

आणि दुसरा फोटो त्याहून आधी टाक. तू जाताना ते लाल रजिस्टर नेलं होतंस ना, कूलरमध्ये पाणी भरायच्या पाळीचं, ज्यात माझ्या नावापुढं सगळे फुल्ल्याच आहेत? एप्रिलपासून जूनपर्यंतची पानं पाठव. ज्या दिवशी पाणी भरलं त्याच दिवशी कूलर चालला, दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. फुल्ल्यांवरून नंतर भांडू.

तुझाच,
मंग्या