पंख बंद करण्याआधी, काका, तुमचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

उजव्या पंखाचा शेवटचा पत्रा सोडला तर बाकी सगळे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, मारून झाले. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मला आभार नीट मानता येत नाहीत. शिवाय घरी विमान बांधायला घेतलेल्या इतरांनीही हे वाचावं असं वाटलं, म्हणून उघड पत्र लिहितोय.

आराखडे घेऊन पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा डोक्यात इंजिन कुठलं, रंग कुठला, एवढंच होतं. तुम्ही म्हणालात, "आधी एक वही घे. तू काय करणार नाहीस ते तीत लिही. मग ड्रिलला हात लाव." खरं सांगतो, मला राग आला होता. आराखड्यात सगळं दिलेलं असताना माझे वेगळे नियम कशाला? पण दिवसभराचं काम उरकून आलेल्या, दमलेल्या माणसानं कधी थांबायचं, हे कुठल्याच आराखड्यात नसतं.

रात्री ९ नंतर भोक पाडायचं नाही, हा वहीतला पहिला नियम. तो मी एकदाच मोडला. मागच्या स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब तुळईला, ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटचं एकच भोक उरलं होतं. अशा रिव्हेटला भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ६.४ मिलिमीटर जागा लागते. ड्रिल सरकलं आणि जेमतेम साडेचार उरली. तुम्ही 'चालेल' म्हणाल या आशेनं मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः आलात, कॅलिपरनं मोजलंत, चकार शब्द न काढता माझी वही उघडलीत आणि माझ्याच अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलंत: 'चालेल' असं मनात आलं की भाग बाद.

नवा भाग यायला ७ आठवडे लागले. त्या ७ आठवड्यांचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. रद्दी पत्र्यावर तुम्ही माझ्याकडून शेकडो रिव्हेट मारून घेतलेत. रिव्हेटचं ठोकलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या व्यासाइतकं उंच, म्हणजे ४.८ आणि १.६ मिलिमीटर. आधी गेज लावून, मग नुसत्या नजरेनं. प्रत्येक भोकावरून बोट फिरवायचं, बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कंगोरी, लागला तर पुन्हा साफ करायचं, कारण तिथूनच पुढे भेग सुरू होते. आता माझं बोट आपोआप फिरतं.

बोल्ट आवळताना कुणी हाक मारली तर तो जोड पहिल्या बोल्टपासून पुन्हा तपासायचा, हाही नियम तुमचाच. टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्यानं, आवळल्याशिवाय नटावर 'आवळून झाला' ही रंगाची रेघ ओढायची नाही. आणि बोल्ट फिरू शकेल अशा सांध्यात आत नायलॉनची कडी असलेल्या नटावर भिस्त नको, तिथे खाचांचा नट आणि त्याला फिरू न देणारी कोटर पिनच हवी. रविवारी काम बंद, हा नियम मात्र घरच्यांनी घातला आणि तुम्ही लगेच त्यांची बाजू घेतलीत.

शेपटीवर रंगाचा जाड थर देण्याचा माझा हट्ट आठवतो? शेपूट जड झाली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि सुकाणूवर रंग चढला की त्याचा तोल बिघडून वेगात फडफड सुरू होऊ शकते, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. रंगानंतर तोल पुन्हा तपासायचा, हे त्याच दिवशी वहीत गेलं.

पहिल्या उड्डाणाचे नियमही तुम्ही आत्ताच लिहून घेतलेत, डोकं थंड असताना. तारीख कुणाला सांगायची नाही. पाहुणे बोलवायचे नाहीत. वाऱ्याची मर्यादा आधी ठरवायची आणि त्या सकाळी ती वाढवायची नाही. अमेरिकेत अशा विमानाला सुरुवातीला साधारण २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाणं करायची पद्धत आहे. मी वहीत ४० लिहिलेत.

बंद होणारी प्रत्येक जागा आधी दुसऱ्या माणसानं बघायची, हा नियम तर तुम्हाला पाठच आहे. पत्रा क्लेको, म्हणजे तात्पुरत्या पिना, लावून अर्धा उघडा ठेवलाय. आतले सगळे नट दिसतील अशी टॉर्च आणि तुमचा तो छोटा आरसा घेऊन या. तुम्ही बघेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.

तुमचा,
वहीवाला